लेण्यांच्या भिंतीवरची करमाफी: सातवाहनांचा महसूल आणि त्यांची सत्ता

प्रश्न असा आहे: सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनवर राज्य करणारे सातवाहन राजे कर कसा आणि किती घेत, आणि त्यांची सत्ता त्या करावर उभी होती का? सोबत एक शंकाही आहे. लेण्यांतले लेख तर भिक्षूंना दिलेल्या दानाचे; त्यांतून राज्याच्या तिजोरीचे काय कळणार?

शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण उत्तर तिच्यातच आहे. माझी नोकरी लेखापरीक्षणात गेली आणि शिलालेखांचे वाचन तिच्याबरोबरीने चालू राहिले. त्यामुळे नाशिकच्या पांडवलेण्यांतले राजाज्ञेचे लेख मी आधी सरकारी फाइलीसारखे वाचतो आणि मग धर्मदान म्हणून. आज्ञा कोणी दिली, कोणाच्या नावे निघाली, कोणते उत्पन्न सोडले, नोंद कुठे झाली, कागद कोणाच्या हातून गेला, हे सगळे तिथे कोरलेले आहे. राजाने काय घेतले ते त्याने कुठेच लिहून ठेवले नाही. काय सोडले ते मात्र दगडावर कोरले. आणि जे आपले असते तेच सोडता येते. म्हणून सातवाहनांचा कर समजून घ्यायचा तर करमाफी वाचावी लागते.

आधी एक गैरसमज दूर करतो. ‘सातवाहन शेतीच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा घेत’ असे सर्रास लिहिले जाते. सहावा हिस्सा ही स्मृती आणि कौटिल्याचे अर्थशास्त्र यांनी सांगितलेली रीत आहे. नाशिक आणि कार्ले इथल्या राजाज्ञांमध्ये शेतसाऱ्याचा दर एकदाही येत नाही. ग्रंथातला नियम उचलून राजाच्या हिशेबात बसवणे मला पटत नाही.

आता लेखांकडे वळू. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची राज्यवर्ष १८ मधली आज्ञा आहे. ती निघाली सैन्याच्या विजयी छावणीतून, आणि गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या राजाच्या अधिकाऱ्याला, विष्णुपालिताला उद्देशून निघाली. गोवर्धन म्हणजे आजच्या नाशिकजवळचे तेव्हाचे जिल्ह्याचे ठिकाण. आज्ञा अशी: अपर कखडी गावातले, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे तेव्हाचे माप) शेत ‘आमचे शेत’ म्हणून त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्या, डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत. त्यापुढे सवलती येतात. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी जमीन खणायची नाही, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी तिथे हुकमत चालवायची नाही, आणि याखेरीज ज्या ज्या सवलती असतील त्या सगळ्या.

ही यादी उलटी वाचली की सामान्य गावाचे जगणे दिसू लागते. ज्या गावाला अशी माफी नव्हती तिथे राजाची माणसे शिरत होती. ती आली की त्यांचे खाणे, राहणे, बैलगाड्या, वेठ हे सगळे गावाने पुरवायचे, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. मीठ खणण्याचा हक्क राजाचा होता आणि त्यासाठी कोणाचेही शेत उकरले जाई. जिल्ह्याचा अंमलदार शिक्षा करू शके, दंड घेऊ शके. माझ्या वाचनात या चार-पाच शब्दांतून एक गोष्ट ठसठशीत उठते: शेतकऱ्याला धान्याच्या हिश्श्याइतकाच, कदाचित त्याहून जास्त, जाच या येण्याजाण्याचा होता. म्हणूनच माफीची सुरुवात ‘शिरू नये’ या अटीने होते.

या आज्ञेची वेळही पाहा. उषवदात हा क्षहरात घराण्याचा शक क्षत्रप, म्हणजे प्रांताचा सत्ताधीश, नहपान याचा जावई. नहपानाचा पाडाव गौतमीपुत्राने नुकताच केला होता. छावणी उठायच्या आत शत्रूच्या जावयाची जमीन कोणाकडे जाणार याचा हुकूम सुटला. त्याच वर्षी कार्ल्याच्या लेणीसाठीही तसाच हुकूम निघाला: मामाल म्हणजे मावळच्या अमात्याला आज्ञा, करजिक गाव वालुरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, भिक्षूंना. हे गावही त्याच भिक्षूंना आधी उषवदातानेच दिलेले होते. म्हणजे घेणारे तेच, गाव तेच, देणारा बदलला. नव्या राजाने भिक्षूंकडून काही काढून घेतले नाही; ‘हे आता माझ्यामुळे तुमचे’ एवढे लिहून घेतले. जिंकलेल्या मुलखातला पहिला राजकीय व्यवहार महसूल वसूल करण्याचा नव्हता, महसूल सोडण्याचा हक्क आपल्या नावावर करून घेण्याचा होता.

पण हा हुकूम फसला. ते आपल्याला कळते, कारण सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, त्याच भिंतीवर त्याच्याखाली दुसरी आज्ञा कोरली गेली. या वेळी गोवर्धनला श्यामक नावाचा अमात्य आहे, आणि आज्ञा राजाच्या जोडीने राजमातेच्या वचनाने निघाली आहे. त्यातले वाक्य प्राकृतातच देतो: ‘तं च खेतं न कसते, सो च गामो न वसति.’ ते शेत कसले जात नाही, ते गाव वसत नाही. म्हणून नगराच्या सीमेवरची राजाच्या मालकीची १०० निवर्तने जमीन त्याऐवजी द्यावी, त्याच सगळ्या सवलतींसह.

माझ्या मते प्राचीन दख्खनच्या अर्थकारणाबद्दलचा हा सर्वांत प्रामाणिक कागद आहे. प्रशस्ती लिहिणारा कवी असे वाक्य कधीच लिहिणार नाही. राजाने करमुक्त जमीन दिली, सैन्याच्या जोरावर दिली, आणि तिचा उपयोग शून्य झाला, कारण ती कसायला माणूसच नव्हता. तेव्हा जमिनीचा तुटवडा नव्हता, कसणाऱ्या हातांचा होता. कुटुंबाला जाच झाला किंवा लढाई जवळून गेली की ते दुसऱ्या रानात जाऊन नांगर धरू शकत होते. रिकाम्या गावाचा कर कितीही ठरवला तरी येतो शून्यच. शेतकऱ्याच्या या निघून जाण्याच्या शक्यतेने राजाच्या मागणीला खालून लगाम होता, आणि तो कोणत्याही धर्मशास्त्राच्या लगामापेक्षा पक्का होता असे मला वाटते.

दोन आज्ञांमधला फरक पाहा. पहिल्यात २०० निवर्तने, पण न वसलेल्या गावात. दुसऱ्यात निम्मीच, पण नगराच्या सीमेवर, जिथे माणसे हमखास आहेत. कोणी तरी जागेवर जाऊन पाहिले, वर कळवले, आणि राजाच्या कचेरीने चूक दुरुस्त केली. पुढे गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी यानेही असाच बदल केला: वर्ष १९ मध्ये दिलेले सुदसण गाव वर्ष २२ मध्ये बदलून सामलिपद दिले. अमात्य बदलत होते, राजा बदलला, पण मागची नोंद सापडत होती आणि तिच्या आधारे नवा हुकूम निघत होता. वर्ष १८ च्या आज्ञेत हुकूम तोंडी झाल्याचे, तो शिवगुप्त अमात्याने लिहिल्याचे आणि लेख तापसाने तयार केल्याचे नमूद आहे. वर्ष २४ च्या आज्ञेत तर लेख तयार करण्याच्या कामात लोटा नावाची, राजद्वाराच्या पहाऱ्यावरची स्त्री आहे. लेण्याच्या भिंतीवर आपल्याला दिसते ती नक्कल आहे; मूळ नोंद कचेरीत होती.

‘सगळी जमीन राजाची’ हे दुसरे आवडते विधान. त्याला छेद देणारा पुरावा त्याच डोंगरावर, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. उषवदाताला भिक्षूंच्या भोजनासाठी शेत द्यायचे होते. तो क्षत्रपाचा जावई, प्रत्यक्ष सत्तेतला माणूस. त्याने ते शेत वाराहीचा मुलगा अश्वभूती या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापण नाण्यांना विकत घेतले, आणि ते त्या ब्राह्मणाचे वडिलोपार्जित होते हेही कोरून ठेवले. जमिनीला मालक होता, किंमत होती, आणि सत्ताधाऱ्यालाही ती मोजावी लागली. राजाची खास जमीन वेगळी, लोकांची वेगळी. म्हणूनच वर्ष २४ च्या आज्ञेत ‘राजकं खेतं’ असे मुद्दाम म्हणावे लागले.

याच उषवदाताच्या ठेवीचा लेख हिशेबाच्या माणसाला फार समाधान देतो. नहपानाच्या काळातल्या वर्ष ४२ मध्ये त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, कायमचे ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २,००० वर वर्षाला व्याज होते २४०, आणि लेख सांगतो की लेण्यात वर्षावास (पावसाळ्याचा मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब शेवटच्या नाण्यापर्यंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला गेला आणि तिथल्या फलकावर नोंदला गेला. दुसऱ्या एका दानात ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण होतात असे दिले आहे, म्हणजे एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा दरही आपल्याला मिळतो.

सत्तेच्या दृष्टीने यात काय आहे? क्षत्रपाच्या घरातल्या माणसाने कायमच्या दानासाठी क्षत्रपाच्या तिजोरीवर भरवसा ठेवला नाही, विणकरांवर ठेवला. राजवट जाईल, श्रेणी राहील, असा हा हिशेब असावा असे मी मानतो. आणि राजवट खरोखरच काही वर्षांत गेली. श्रेणींची ही पत पुढेही टिकलेली दिसते: तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या नाशिकच्याच लेखात कुंभार आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या आहेत. शहरातला पैसा अशा संघटित कारागिरांच्या हाती होता आणि राजाला त्यांच्याशी जुळवूनच घ्यावे लागत होते.

राजाच्या खाली आणखीही वाटेकरी होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात पुळुमावीच्या वर्ष ७ मधला लेख आहे. त्यात ओखलकीयांचा महारठी, म्हणजे मोठा स्थानिक सरदार, सोमदेव वालुरकच्या संघाला एक गाव देतो, आणि देताना त्याबरोबरचे नेहमीचे व जादा कर, ठरलेली व मापाने येणारी देणी, सगळे देतो. वर्ष राजाचे घातले आहे. राजाची परवानगी मात्र लेखात नाही. नाशिकची आज्ञा राजाकडून अमात्याला जाते. इथे महारठी स्वतःच देतो. त्याचा अर्थ एवढाच होतो की मावळासारख्या भागात काही गावांचा महसूल महारठींच्या घराण्यांचा होता आणि तो सोडण्याचा अधिकारही त्यांचाच होता. सातवाहनांचे राज्य म्हणजे एका रंगात रंगवलेला नकाशा नव्हे. काही आहारांत (जिल्ह्यांत) राजाचा अमात्य, काही खोऱ्यांत महारठी. राजघराण्याने या घराण्यांशी सोयरीकही केली होती. नाणेघाटात जिचा प्रचंड लेख आहे ती राणी नागनिका महारठीचीच मुलगी. गावांच्या महसुलात वाटेकरी असलेल्या घराण्याची मुलगी राजाच्या घरात आणणे, हा महसुली प्रश्नावर काढलेला राजकीय तोडगा होता असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मग राजाच्या हातात खास त्याचे असे काय उरले? घाट, बंदरे आणि नाणी. नाणेघाट कल्याणकडून जुन्नरमार्गे पैठणला जाणाऱ्या वाटेवर आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे गाइड सांगतात. तिथले लेख जकातीबद्दल काही बोलत नाहीत. ते यज्ञ आणि दक्षिणा यांबद्दल बोलतात. तरी घराण्याने आपल्या पूर्वजांचे पुतळे आणि यज्ञांची जंत्री राजधानीत न ठेवता घाटाच्या तोंडाशी का कोरली, याचा विचार करावा. तिथेच सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. सोपाऱ्याची माणसे त्या वाटेने जात-येत होती, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला राजा कोण ते दिसत होते.

बंदरांचे भांडण आपल्याला एका ग्रीक खलाशी व्यापाऱ्याच्या वर्णनातून कळते. पहिल्या शतकातले हे पुस्तक पेरिप्लस या नावाने ओळखले जाते. तो सांगतो की कल्याण एके काळी रीतसर परवाना असलेली बाजारपेठ होती. पुढे सत्ता बदलली, आणि आता तिथे चुकून आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात क्षत्रपांच्या ताब्यातल्या भडोचला नेले जाते. पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवरून भडोचलाच जातो. भडोचच्या राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले, उंची मद्य, महाग कपडे वेगळे आणले जातात. समुद्रापलीकडे, तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर ल्यूके कोमे इथे येणाऱ्या मालाचा चौथा हिस्सा घेणारा अधिकारी होता आणि त्याच्याबरोबर सैन्याची तुकडी होती. परदेशी व्यापारावरचा कर किती गोड असतो हे दोन्ही किनाऱ्यांना ठाऊक होते.

आता कल्याणच्या नाकाबंदीकडे पुन्हा पाहा. शेतसारा मिळवायचा तर हजारो गावांत माणसे धाडावी लागतात, महारठींशी वाटणी करावी लागते, कुळे पळून जाण्याची भीती असते. बंदराला एक तोंड असते. तिथे थोडी माणसे आणि दोन-चार नावा पुरतात, आणि मिळते ती चांदी, जिच्यातून सैन्याला पगार देता येतो. शक-क्षत्रप आणि सातवाहन पिढ्यान्‌पिढ्या लढले ते कोकणातली बंदरे, सह्याद्रीतले घाट आणि गोवर्धनची पेठ यांच्यासाठी. धान्याच्या मुलखासाठी तेवढे नाही. धर्म, वंश, शक विरुद्ध देशी अशी कारणे प्रशस्तीत येतात. पण लढाईची ठिकाणे नकाशावर मांडली की ती जकातीच्या वाटेवर येतात.

या लढाईचा निकाल नाण्यांवर आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नहपानाची सुमारे १३,२५० नाणी, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली. नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगराचे चिन्ह उमटले आहे आणि खालचा चेहरा अजून ओळखू येतो. चांदी वितळवली नाही, वजन बदलले नाही, नवे नाणे पाडण्याचा खर्च टाळला. फक्त ठसा मारला. उरलेली नाणी शिक्क्याविनाच त्याच साठ्यात होती, म्हणजे लोक दोन्ही घेत होते. राजाचा ठसा नाण्याला किंमत देत नव्हता, ती चांदीत होती. ठसा फक्त सांगत होता की आता देणी कोणाच्या नावाने भरायची.

या सगळ्यात राजे आपल्या करवसुलीबद्दल स्वतः काय म्हणत? गौतमी बलश्रीने मुलाच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावीच्या वर्ष १९ मध्ये कोरवलेल्या लेखात गौतमीपुत्राला धर्माने मिळवलेल्या कराचाच विनियोग करणारा म्हटले आहे. काही काळाने, इसवी सन १५० च्या सुमारास, पुढच्या एका सातकर्णी राजाला दोनदा हरवणारा महाक्षत्रप रुद्रदामन जुनागढच्या खडकावर हीच भाषा अधिक नेमकी करतो. सुदर्शन तलाव वादळाने फुटला, भगदाड ४२० हात लांब पडले. त्याचे सल्लागार आणि अंमलबजावणी करणारे सचिव काम नको म्हणाले. तरी त्याने कर, वेठ आणि ‘प्रणय’ यांनी प्रजेला न पिडता स्वतःच्या कोषातून बांध घातला. प्रणय म्हणजे अडचणीच्या वेळी प्रेमाने मागितलेली म्हणून घेतली जाणारी जादा रक्कम. अर्थशास्त्रही ती एकदाच घ्यावी, दुसऱ्यांदा नाही, असे बजावते. ज्या गोष्टी केल्या नाहीत म्हणून राजा अभिमान बाळगतो, त्या इतर राजे करत होते असे समजावे. आणि हा राजा वेठीशिवाय बांध घालू शकला त्यामागे गुजरातच्या बंदरांचे शुल्क असावे; त्याच लेखात त्याचा कोष बली (खंडणीवजा कर), शुल्क (जकात) आणि भाग (उत्पन्नातला हिस्सा) यांनी भरल्याचे सांगितले आहे.

सातवाहनांनंतर विदर्भात वाकाटक आले तेव्हा माफीची यादी किती लांबली ते पाहण्यासारखे आहे. पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने दिलेल्या, अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक इथे सापडलेल्या ताम्रपटात सैनिकांनी गावात शिरू नये याबरोबर गाई-बैल पुरवायला नकोत, फुले आणि दूध द्यायला नको, उतरणाऱ्या अधिकाऱ्याला चारा, बसायला कातडे आणि कोळसा द्यायला नको, कोणतीही वेठ नको, असे एकेक लिहिले आहे. सातवाहनांच्या ‘सगळ्या सवलती’ या दोन शब्दांत जे कोंबलेले होते ते इथे सुटे झाले. चारा आणि कोळसा नावानिशी लिहावा लागला, कारण दरम्यानच्या तीन शतकांत मोघम माफीतून पळवाटा काढणारे अधिकारी गावाने भरपूर पाहिले असणार.

त्या ताम्रपटात ८,००० भूमी (हेही जमिनीचे एक माप) इतकी जमीन १,००० ब्राह्मणांना दिली आहे, पण सातवाहनांच्या आज्ञेत नसलेल्या एका कलमासह. हे दान चालू राहील ते घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह केला नाही, चोरी आणि हत्या केल्या नाहीत, लढाया केल्या नाहीत आणि दुसऱ्या गावांना त्रास दिला नाही तरच. तसे काही केले, आणि राजाने जमीन परत घेतली, तर ती चोरी ठरणार नाही.